शिकाऱ्याच्या घरची चूल



पर्युषण जवळ आलं की आपल्याकडे जीवदयेचा विषय निघतो. पांजरापोळला किती द्यायचे, चारा कोणाच्या नावाने, हे घरोघरी ठरतं. आणि त्याच बोलण्यात जव्हार-मोखाड्याच्या बाजारपेठेत एक वाक्य हमखास कानावर येतं, "हे पाड्यावरचे लोक ससा म्हणत नाहीत, पाखरू म्हणत नाहीत, काहीही मारून खातात." मला हे वाक्य अर्धवट वाटतं. त्यात मेलेला ससा दिसतो, पण शिकाऱ्याच्या घरची चूल दिसत नाही.

गडचिरोलीतल्या हेमलकशाचं उदाहरण घ्या. बाबा आमट्यांनी १९७३ साली तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे गेले ते माडिया आदिवासींवर उपचार करायला. एकदा जंगलात शिकार करून परतणारे माडिया त्यांना भेटले. बांबूला माकडीण मारून बांधलेली, आणि तिचं जिवंत पिल्लू तिला बिलगून दूध ओढायला बघत होतं. तेही खाण्यासाठीच नेत होते. आमट्यांनी पिल्लू मागून घेतलं आणि बदल्यात तांदूळ नि कपडे दिले. पुढे शिकारीत आई मेली की लोक पिल्लं आणून देऊ लागले. बिबटे, अस्वलं, हरणं, साप असं करत प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. २००८ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपण या गोष्टीतलं पिल्लू लक्षात ठेवतो आणि तांदूळ विसरतो. माझ्या मते खरी जीवदया त्या तांदळात आहे. पोट रिकामं असलेल्या माणसाला अहिंसा ऐकवणं सोपं असतं. त्याच्या घरात धान्य असेल तर ती त्याच्या आवाक्यात येते.

आता आपल्या वावरकडे बघू. १९९२-९३ साली वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली आणि आपल्या तालुक्याचं नाव देशभर झालं, तेही अशा कारणाने. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो, २०१४ पासून पालघर जिल्हा झाला. पण पावसाळ्याचं गणित तेच राहिलं. मागची नागली, वरई संपत आलेली असते, नवं पीक दिवाळीच्या सुमारास हाती येतं आणि मग कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर निघून जातात. मधले ते ओढगस्तीचे दिवस म्हणजेच आपलं पर्युषण. आपण स्वेच्छेने अठ्ठाई करतो, तेव्हा चार कोसांवर कोणाच्या तरी घरी नाइलाजाचा उपास असतो.

काही जणी म्हणतील, जीवदयेचा पैसा जनावरांसाठीच वापरायचा असतो. अगदी बरोबर. ते खातं वळवा असं मी म्हणत नाही. पण आपल्याच धर्मात अनुकंपादानही सांगितलेलं आहे, आणि ते खातं बऱ्याचदा रिकामं राहतं. जीवदयेत जेवढे लिहाल तेवढेच अनुकंपेतही लिहा.

दुसरी अडचण मोठी आहे. अनाथालयातला बिबट्या मांसच खाणार. मग आपलं दान तिकडे कसं पोचवायचं? ही टोचणी खोटी नाही. पण बिबट्याला पोसणं हा एकच मार्ग थोडाच आहे? हेमलकशाला दवाखाना आहे, आश्रमशाळा आहे, तिथे द्या. नाहीतर इथे वावरच्या पाड्यांवर तांदूळ, डाळ, तेल, शेंगदाण्याचे लाडू द्या. एक घर भरल्या पोटी झोपलं तर कोणाचं तरी पिल्लू आईपाशी राहण्याची शक्यता वाढते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. आमट्यांसारखं करायचं म्हणून कोणी पिल्लू किंवा पोपट, मुनिया विकायला आणली तर पैसे देऊन सोडवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात असा व्यवहार गुन्हा ठरतो. शिवाय आज दोन पोपट विकले गेले की उद्या चार पकडले जातात. आपल्या अभयदानाचा धंदा होतो. अशा वेळी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

तेव्हा यंदा आपल्या महिला मंडळाच्या बैठकीत दोन वह्या ठेवूया, एक जीवदयेची आणि एक अनुकंपेची. शिधा कोणत्या पाड्यावर द्यायचा हे अंगणवाडी ताईंना आणि आशा ताईंना विचारूनच ठरवू. कोणत्या घरात बाळंतीण आहे, कोणाचं मूल वजनात कमी आहे, हे त्यांना नेमकं माहीत असतं. आणि शिधा देताना शिकारीवर प्रवचन नको. फोटोही नकोत. आधी चूल पेटू दे.