आदेश ऐकला, पण पोहोचला नाही

जुहूच्या विमानतळावरून उठणारे हेलिकॉप्टर असो वा मुंबई न उतरता केवळ वरून ओलांडून जाणारे परदेशी विमान असो, नियंत्रित आकाशक्षेत्रात त्याला शिरता येते ते नियंत्रकाच्या परवानगीनेच. ही परवानगी कागदावर मिळत नाही. बिनतारी यंत्रावरून ऐकू आलेल्या चार शब्दांवर शेकडो प्रवाशांचे प्राण विसंबलेले असतात. म्हणूनच मार्ग, उंची, दिशा, वेग यांबाबत नियंत्रकाने जे सांगितले ते वैमानिकाने आपल्या विमानाचे संकेतनाम जोडून पुन्हा म्हणून दाखवावे आणि नियंत्रकाने ते ऐकून चूक असल्यास तेथल्या तेथे सुधारावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

वरवर पाहता हा प्रकार शाळेतल्या परवच्यासारखा वाटतो. त्यात 'नाइन'ला 'नाइनर' आणि 'थ्री'ला 'ट्री' म्हणावयाचे! इंग्रजीच्या शिक्षकांना हे उच्चार खचितच रुचणार नाहीत. परंतु खरखरणाऱ्या यंत्रावर एक आकडा दुसऱ्यासारखा ऐकू येऊ नये, एवढाच त्यांचा हेतू आहे. या दंडकामागे रक्ताचा इतिहास आहे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरिफ येथे दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे दगावली. डच विमानातून आलेल्या संदिग्ध वाक्याला नियंत्रकाने 'ओके' असे उत्तर दिले होते. 'थांबा, मी बोलावीन' हे त्याचे पुढचे शब्द मात्र दुसऱ्या विमानाने त्याच क्षणी केलेल्या संदेशाशी भिडून कर्कश आवाजात बुडाले. तेव्हापासून 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना वा ती रद्द करतानाच वापरावा, एरवी 'डिपार्चर' म्हणावे, असा नियम रूढ झाला.

मात्र शब्द नीट उच्चारला गेला म्हणजे सारे साधले असे नव्हे, याचा दाखला आपल्याच देशात मिळाला. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दिल्लीहून निघालेले सौदी विमान व दिल्लीकडे येणारे कझाक विमान यांची टक्कर झाली. दोन्ही विमानांतील ३४९ जणांपैकी एकही वाचला नाही. सौदी विमानाला १४ हजार फुटांची मर्यादा होती, कझाक विमानाला १५ हजारांची. येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांना त्या काळी एकच मार्ग होता. त्यांना वेगळे राखणारी भिंत म्हणजे हे हजार फुटांचे अंतर. दिल्लीच्या तत्कालीन रडारवर विमानाची उंची दिसत नसे. वैमानिक सांगेल तीच उंची खरी मानणे नियंत्रकाला भाग होते. कझाक विमानातून आपण १५ हजारांवर पोहोचल्याचे कळविले गेले, समोरून सौदी विमान येत असल्याची सूचनाही त्यांना मिळाली, आणि तरीही ते विमान खाली उतरतच राहिले.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने कझाक विमानाने दिलेली उंची सोडल्याचा ठपका ठेवला व वैमानिकांच्या अपुऱ्या इंग्रजीकडे बोट दाखविले. ते योग्यच होते. पण सारा दोष इंग्रजीच्या माथी मारून मोकळे होणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. त्या विमानात नियंत्रकाशी बोलण्याचे काम एका स्वतंत्र रेडिओ ऑपरेटरकडे होते. त्याच्यापुढे उंचीदर्शक तबकडी नव्हती. वैमानिकांच्या खांद्यांवरून त्यांच्या तबकडीकडे डोकावूनच त्याला उंची पाहावी लागे. आदेश ऐकणारा एक आणि सुकाणू धरणारा दुसरा! कचेरीत साहेबांचा हुकूम आवक-बारनिशीत नोंदला जातो, पण ज्याने काम करावयाचे त्याच्या टेबलावर फाईल जातच नाही, त्यातलाच हा प्रकार. कचेरीत फार तर काम खोळंबते. येथे ऑपरेटरला चूक उमगून तो आपल्याच माणसांना वर चढण्यास सांगू लागला, तेव्हा काही क्षणच उरले होते.

पुढे दिल्लीत येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखविणारे रडार आले, आणि टक्कर टाळणारे यंत्र भारतीय आकाशात येणाऱ्या प्रवासी विमानांना सक्तीचे झाले. आंतरराष्ट्रीय उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांना इंग्रजीच्या किमान चौथ्या पातळीची कसोटीही २००८ पासून लागू झाली. या कसोटीचा रोख साहजिकच इंग्रजी परकी असलेल्यांवर आहे. ज्यांची ती मातृभाषा आहे, ते मात्र ठरीव शब्द सोडून घरगुती बोलीत भरभर बोलत राहतात आणि समोरच्याने ते समजून घ्यावे अशी अपेक्षा बाळगतात. 'पुन्हा सांगा' म्हणणे कमीपणाचे वाटून नवखा वैमानिक अंदाजाने होकार देतो. परवचा म्हणवून घ्यावयाचा तर या दोघांकडूनही म्हणवून घ्यावयास हवा. आज प्रवासी विमानांतून रेडिओ ऑपरेटरची खुर्ची जवळजवळ नाहीशी झाली आहे. दोन वैमानिकांपैकी एक विमान चालवितो व दुसरा बोलतो, आणि नियंत्रकाचा शब्द दोघांच्याही कानी पडत असतो. त्या दोघांतील कनिष्ठाला वरिष्ठाची चूक मोठ्याने सांगण्याची मुभा कितपत आहे, हे मात्र कोणत्याही भाषेच्या कसोटीत तपासले जात नाही.