मुंगीची कंबर पाहा

पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात आणि घरात हाकाटी होते, ‘वाळवी आली!’ त्यांत पुष्कळदा मुंग्याही असतात. वाळवीचे चारही पंख सारखे, मिशा सरळ, कंबर जाड. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांहून मोठे, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, कंबर चिमटीत धरावी इतकी बारीक. थोडे निरखले तर हा फरक दिसतो; पण निरखायला आपल्याला कुणी शिकवलेलेच नसते.

लहानपणी शिकतो ते एवढेच: लाल चावते, काळी चावत नाही. हा समज चुकीचा आहे. डायकामा ही काळी मुंगी डंख मारते. उलट आंब्याची पाने शिवून घर करणाऱ्या तांबूस हुमल्यांना नांगीच नाही. ते जबड्याने चावतात आणि जखमेवर आम्ल सोडतात.

रंगापेक्षा कंबर खरे सांगते. छाती आणि पोट यांच्यामध्ये गाठ एक की दोन, हे आधी पाहावे. डोंगळ्याला एक. डायकामालाही एकच, पण तिच्यावर दोन काटे, आणि अंगावर अंगठ्याच्या ठशासारख्या रेघा. झाडावरच्या क्रिमॅटोगॅस्टरला दोन गाठी, पोट बदामाच्या आकाराचे. डिवचले की ती ते डोक्यावर उचलते. लांब, वर वळलेले जबडे आणि टपोरे डोळे दिसले, वर ती उडी मारून निसटली, तर ती हार्पेग्नॅथस.

कीटकतज्ज्ञ बिंगहॅम यांनी हिंदुस्थानातल्या मुंग्यांचे वर्णन करणारा ग्रंथ १९०३ साली लिहिला. आज देशात ८०० हून अधिक प्रकारच्या मुंग्यांची नोंद आहे. आपल्या बोलण्यात मात्र मुंगी, मुंगळा, डोंगळा अशी चारदोनच नावे. ओळख नसली की सगळ्यांवर एकच पावडर पडते. बागेतली कीड खाणारे हुमले आणि साखरेच्या डब्यात शिरणारी मुंगी एकाच विषाने मरतात.

यावरचा उपाय स्वस्त आहे. प्रत्येक शाळेने दहापट मोठे दाखवणारी चार भिंगे घ्यावीत आणि विज्ञानाचा एक तास झाडाखाली भरवावा. मुंगीवर पाय द्यायचा की तिला वाट द्यायची, हे ठरवण्याआधी मुलांनी तिच्या कंबरेच्या गाठी एकदा मोजलेल्या असाव्यात.