कायद्याचे वय आणि कोयत्याचा हिशेब

किशोरवयीन मातृत्व घटल्याचे समाधान आमच्या मुलुंड-अंधेरीच्या दिवाणखान्यांतून ऐकू येते. घट खरीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते १९ वयोगटातील माता वा गर्भवती मुलींचे देशातील प्रमाण २००५-०६ मध्ये १६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ६.८ झाले. पण महाराष्ट्र ७.६ वर, हा श्रीमंत महाराष्ट्र!

आईबापांच्या अज्ञानाला दोष देऊन मोकळे होणाऱ्यांनी बीडच्या ऊसतोडीकडे पाहावे. तेथे नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल मिळते ती जोडप्याला. मुलीच्या लग्नाचे किमान वय १९७८ पासून अठरा आहे खरे, पण फडावर निघालेल्या आईने पंधरा वर्षांची लेक गावात कोणाच्या भरवशावर ठेवावी? मुलींसाठी हंगामी वसतिगृहे आणि कारखान्याकडून थेट, माणशी मजुरी, ही मागणी साखरसम्राटांपुढे मांडायला आपलेही पुढारी कचरतात.