पत्रकात पोहणं नाही

या आठवड्यात पेपरच्या घडीतून रोज एखादं तरी रंगीत पत्रक पडलं. उन्हाळी शिबिर! अबॅकस, सुंदर हस्ताक्षर, कीबोर्ड, स्केटिंग, व्यक्तिमत्त्व विकास, शेवटच्या दिवशी पालकांसमोर नाच आणि प्रमाणपत्र. काही पत्रकं बुलढाण्याची, काही चिखलीची, एक खामगावचं. मी सगळी नीट वाचली. मे महिना लागला की मी पाण्याबद्दल लिहायला बसते, हे या सदराच्या वाचकांना माहीत आहे. गेल्या उन्हाळ्यात खारपाणपट्ट्यावर लिहिलं होतं. यंदा पोहण्यावर लिहिते आहे, कारण मुलांना पोहायला शिकवू, असं त्या पत्रकांपैकी एकातही नव्हतं.

विदर्भाची सुट्टी लांब. बाकी महाराष्ट्राच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आपल्या उन्हामुळे आठवडाभर उशिरा. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे अंग भाजून निघतं, घाटावर थोडं कमी. अशा दिवसांत पोरं पाण्यावर जाणार नाहीत तर कुठं जातील? येळगाव, नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा म्हणजे आपला संत चोखासागर ही धरणं, शिवाय गावोगावचे पाझर तलाव आणि विहिरी. 2022 या एका वर्षात देशात 38 हजारांहून जास्त माणसं बुडून गेली, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल सांगतो. आपल्या जिल्ह्यातही दर मे महिन्यात अशा बातम्या येतात. सगळ्यांचा सूर एकच असतो: पोरं ऐकत नाहीत, पोरांना मोह आवरत नाही. वाचून माझा संताप होतो. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत पाण्यात उतरावंसं वाटणं हा बारा वर्षांच्या पोराचा गुन्हा कसा? त्याला हातपाय मारायला आपण शिकवलं नाही, हे मात्र त्या बातमीत कधीच येत नाही.

पूर्वी शिकवत होते. मेहकर तालुक्यातल्या माझ्या मामांच्या गावी आखजी झाली की विहिरीवर पोरांची जत्रा भरायची. विहीर काळ्या पाषाणात खोदलेली, एका बाजूनं उतरत्या पायऱ्या, खालच्या तीन-चार पायऱ्यांवर हिरवं शेवाळ. कपारीत कबुतरांची घरटी. वर रखरखीत ऊन, आणि पाचव्या-सहाव्या पायरीवर पाय ठेवला की गार हवा चेहऱ्याला लागायची. नव्या पोराच्या पाठीला वाळका भोपळा नाहीतर झाकण डांबरानं बंद केलेला तेलाचा पत्र्याचा डबा बांधायचा, कमरेला बैलाचा कासरा. कासऱ्याचं दुसरं टोक मामांच्या हातात. ते काठावर उकिडवे बसून ओरडत राहायचे, “पाय मार रे पोट्ट्या, पाय! हातानं काय कणीक मयतं का? पाण्याले भेऊ नको, ते उचलते तुले.” पोरगं घाबरून गटांगळी खाऊ लागलं की कासरा ताणला जायचा, सुधारलं की सैल सोडला जायचा. कधी ताणायचा आणि कधी सोडायचा, सगळी विद्या त्यातच होती. चार-पाच दिवसांनी भोपळा सुटायचा. आणखी आठवड्यानं कासराही. मग तेच पोरगं वरच्या काठावरून सूर मारायचं आणि तळाची माती मुठीत धरून वर यायचं, दाखवायला.

आम्ही मुली काय करायचो? काठावर बसून भावांचे कपडे राखायचो.

हे मी आजवर कुठं लिहिलं नव्हतं, पण आता लिहायलाच हवं. त्या विहिरीवर माझे सगळे मामेभाऊ, मावसभाऊ पोहायला शिकले आणि बहिणींपैकी एकही नाही. मामा प्रेमळ होते, त्यांनी आम्हाला कधी कमी लेखलं नाही. पण मुलीच्या कमरेला कासरा बांधून तिला विहिरीत सोडावं, हे त्यांना सुचलं नाही आणि आमच्या आयांनी सुचवलं नाही. मी पोहायला शिकले ती कॉलेजात असताना, अमरावतीला. माझ्या बाकीच्या बहिणी आजही शिकलेल्या नाहीत. आणि गावात पाण्याशी रोजचा संबंध कुणाचा? धुणं घेऊन तलावावर कोण जातं? बादली भरायला शेततळ्याच्या काठावर कोण वाकतं? भाऊ पोहायला जातात ते हौसेनं, वर्षातून महिनाभर. बहिणी पाण्यावर जातात त्या कामाला, बारा महिने. एकीचा पाय घसरतो, दुसरी तिला धरायला पुढे होते, मग तिसरी. मायलेकी, जावा-जावा, सख्ख्या बहिणी एकाच दुपारी गेल्याच्या बातम्या अशाच घडलेल्या असतात. त्यांतल्या एकीला जरी पोहता येत असतं, निदान काठावरून साडीचा पदर फेकायचा, आपण उडी घ्यायची नाही, एवढं जरी कुणी शिकवलेलं असतं, तरी किती घरं वाचली असती.



विहिरीवरची ती शाळा मोडली, कारण विहिरीच तशा राहिल्या नाहीत. बोअर आले, पाणी खोल गेलं, मे महिन्यात पुष्कळ विहिरींचा तळ दिसतो. पण त्याच काळात दुसरीकडे पाणी वाढलं. 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात शेडनेटमधल्या बीजोत्पादनानं घरं उभी राहिली, त्याला या तळ्यांचा मोठा आधार आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. मात्र शेततळं म्हणजे विहीर नव्हे. त्याला पायरी नाही, कपार नाही. योजनेतलं मोठं तळं तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल. चारी बाजू उतरत्या आणि त्यावर पाचशे मायक्रॉनचं प्लास्टिक. ओलं झालं की त्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही, त्यावर शेवाळ धरलं की हातही ठरत नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा काठापर्यंत येतो आणि चढता चढता मागे घसरतो. पाच-सहा वेळा घसरला की दमतो. पाहणाऱ्याला वाटतं, काठाला तर लागलाय, येईल वर.

तलावांचंही असंच. 2018 साली भारतीय जैन संघटनेनं शासनाला सोबत घेऊन आपल्या जिल्ह्यातल्या तलावांतला गाळ काढायचं मोठं काम सुरू केलं. शिवाय महामार्गाच्या भरावासाठी तलावांतली माती-मुरूम उचलली गेली आणि ‘बुलढाणा पॅटर्न’चं नाव देशभर झालं. रस्ता झाला, तलावही खोल झाला, एका खर्चात दोन कामं. या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तलावाचा तळ बदलला हे पोरांना कोण सांगणार? बाप लहानपणी ज्या काठानं कमरेएवढ्या पाण्यात चालत जायचा, त्याच काठानं लेक उतरतो, आणि जिथं जमीन असायची तिथं पोकलेननं कापलेला उभा कडा असतो. खोलीकरणाच्या कोनशिलेवर कामाची रक्कम लिहिलेली असते. खोली किती आणि उतार कुठून सुरू होतो, हेही तिथंच मोठ्या अक्षरांत लिहायला काय हरकत आहे?

मुलांना पोहायला शिकवायचं तर सरकारी तरणतलाव होतील तेव्हा होतील, तोवर थांबायची गरज नाही. बांगलादेशात खेड्यातल्या तळ्यातच बांबूचा मचाण बांधतात, पाण्याखाली बांबूचीच जमीन करतात आणि गावातल्याच तरुण-तरुणींना तयार करून चार ते बारा वर्षांच्या मुलांना पोहायला शिकवतात. तिथंही आपल्यासारखीच खेडी आहेत. दुसऱ्या टोकाला नॉर्वे. समुद्रकाठचा देश, सुट्टीत पोरं धक्क्यावरून पाण्यात उड्या मारणार हे गृहीत धरलेलं. म्हणून चौथी संपेपर्यंत मुलानं खोल पाण्यात पडून शंभर मीटर पोटावर पोहावं, मध्ये तीन मिनिटं तरंगत दम खावा, पुन्हा शंभर मीटर पाठीवर पोहून स्वतः काठाला लागावं, हे त्यांच्या शालेय अभ्यासक्रमातच आहे. मला त्यातली ती तीन मिनिटं सगळ्यात महत्त्वाची वाटतात. दमलेलं पोर उताणं तरंगू शकलं की मदत पोहोचायला वेळ मिळतो. हे शिकवायला तरणतलाव लागत नाही. कमरेएवढं संथ पाणी आणि पाठीखाली एक हात पुरतो.

आणि त्यासाठी मे महिनाच योग्य. पाणी उतरलेलं असतं, संथ असतं, बरंचसं निवळलेलं असतं. पावसाळ्यात गढूळ, भरल्या तलावात कोण कुणाला शिकवणार? गावोगावी चाळीस-पंचेचाळीसच्या पुढचे, विहिरीत शिकलेले पुरुष अजून आहेत. कासरा कधी ताणायचा हे त्यांच्या हातांना माहीत आहे. ग्रामपंचायतीनं सकाळी सात ते नऊ त्यांना बोलवावं, मुलींसाठी वेगळी वेळ ठेवावी, आयांना काठावर बसवावं. शिबिरवाल्यांनीही आपल्या पत्रकात त्यासाठी एक ओळ वाढवावी. स्केटिंगला जागा मिळते, मग याला का नाही?

शेततळं असलेल्या वाचकांनी तेवढ्यासाठीही थांबू नये. कुंपणाचं दार बंद ठेवायचंच, पण दोरही हवा. जाड नायलॉनचा दोर चारी काठांना पक्क्या खुंटांना बांधा आणि तळापर्यंत सोडा. हात-हात अंतरावर गाठी मारा, म्हणजे ओला हात सुटणार नाही. टायरची हवा भरलेली ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन वेगळ्या लांब दोराला बांधून काठावर टांगून ठेवा आणि घरातल्या लहानांना, बायकांना तो फेकून बघायला लावा. दोर उन्हानं कुजतो, म्हणून दर उन्हाळ्यात बदला.