पॉइंटांची पुंजी

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी माळे आवरले जातात. आमच्या घरी यंदा माझे पाकीटही आवरले गेले. त्यातून लाँड्रीच्या दोन पावत्या, ग्रंथालयाचे मुदत संपलेले कार्ड आणि विमानप्रवासाचे निळे क्रेडिट कार्ड निघाले. पावत्या केरात गेल्या. निळ्या कार्डापाशी मात्र सौभाग्यवतींचे बोट थांबले.

"अहो, याची वर्गणी भरायचा महिना हाच ना?"

मराठीचा प्राध्यापक हिशेबात कच्चा असतो, ही लोकांची समजूत मी सहसा खोटी पाडत नाही. तीन वर्षांपूर्वी एका पुणेकर स्नेह्याच्या आग्रहाने मी ते कार्ड घेतले. आमच्या नंदुरबारला विमानतळ नाही. विमान गाठायचे तर आधी ताप्ती लाइनची गाडी पकडून सुरतेला जायचे! पण देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत वाटले गेले. कार्डांच्या बाबतीत आम्ही मागे का राहावे?

खरे कारण निराळे होते. एका संध्याकाळी गच्चीवर वाळवण गोळा करताना आई वर पाहून म्हणाली होती, "एकदा यात बसून काशीला जायचंय रे." मी थाटात म्हणालो, "थांब थोडी. पॉइंट जमू देत, फुकटात नेतो."

सौ.ने मुलीच्या वहीचा मागचा कागद फाडला. वार्षिक वर्गणी ५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९००. तीन वर्षांचे झाले १७,७००. आता जमेची बाजू. आमचा कार्डावरचा खर्च वर्षाला १,८०,००० रुपयांचा. शंभराला दोन पॉइंट, म्हणजे ३,६००. आणि पॉइंटची किंमत पंचवीस पैसे. वर्षाची कमाई ९०० रुपये! सुरुवातीचे १०,००० बक्षीस पॉइंट धरून एकूण २०,८०० पॉइंट, म्हणजे ५,२०० रुपये. शिवाय मुंबईच्या विमानतळावरील लाउंजमध्ये एकदा खाल्लेल्या दोन इडल्या.

"चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला," सौ. म्हणाली.

"पण वर्षाला चार लाख खर्च केला तर वर्गणी माफ होते," मी क्षीण आवाजात म्हणालो.

"मग नवा फ्रिज घ्या, नवा सोफा घ्या. ५,९०० वाचवायला दोन लाख वीस हजार उधळा!"

वाट आता दोनच बाजूंनी उरली. एक, कार्ड बंद करणे. ते अवघड नाही. थकबाकी फेडून अर्ज दिला, की सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करावे, नाहीतर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. मात्र माझ्याकडे कार्ड हे एवढेच. दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज लागेल. तेव्हा बँक आमचा ३०० ते ९०० मधला सिबिलचा आकडा पाहणार, आणि वेळेवर फेडलेले जुने चालू खाते तिथे साक्षीला उभे राहते. म्हणून दुसरी वाट बरी: त्याच बँकेचे बिनवर्गणीचे साधे कार्ड मागून घेणे. फक्त खाते तेच राहील ना, हे आधी विचारून लेखी घ्यावे. आमच्या कार्डाच्या नियमात आणखी एक मेख होती: कार्ड बदलले की शिल्लक पॉइंट बुडतात.

इतका वेळ आई शेजारी बसून चकल्या पाडीत होती. ती म्हणाली, "अरे, आपल्या स्टेशनातून ताप्तीगंगा जाते की काशीला. मी तुझ्या पॉइंटांसाठी थांबले होते. आता गुडघे थांबत नाहीत."

खोलीत कोणी बोलले नाही. तीन वर्षे माझे पॉइंट वाढत होते आणि त्याच तीन वर्षांत आईचे जिने कमी होत होते. गच्चीवर ती शेवटची कधी गेली, तेही मला आठवेना. वर्गणीचे १७,७०० रुपये मला एवढे लागले नाहीत. त्यातल्या पहिल्याच ५,९०० मध्ये थोडी भर घातली असती, तर ती चालत्या पायांनी घाटाच्या पायऱ्या उतरली असती.

त्याच रात्री आम्ही ठरवले. जाताना ताप्तीगंगा, येताना वाराणसीहून मुंबईपर्यंत विमान. पॉइंटांत आईचे एकटीचे तिकीट जेमतेम बसले, माझे खिशातून. विमानतळावर चाकांची खुर्ची मिळावी, अशी नोंदही केली. तिकीट हाती आल्यावर मगच साध्या कार्डाचा अर्ज धाडला.

पाडव्याला आमच्या बाजारपेठेत नव्या चोपड्यांची पूजा होते. व्यापारी जुनी येणी वसूल करून मगच नवे पान उघडतो. वाचकहो, तुमच्याही पाकिटात असे एखादे निळे कार्ड असेल, तर या दिवाळीत कागद-पेन्सिल घेऊन बसा. आणि आकडेमोड करताना घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. आपण कोणाचे किती देणे लागतो, हे पुष्कळदा त्यांनाच ठाऊक असते.