बचावपटूची चूक कोणाच्या खाती?

पराभवाच्या फेऱ्यात सापडलेल्या संघाचे प्रशिक्षकपद हे सुखाचे आसन नव्हे. त्यातून अशा संघात एखादा विशीतला, मूळचाच आक्रमक वृत्तीचा बचावपटू असला, तर प्रशिक्षकाची कसोटी रोजच्या रोज लागते. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीत हे दृश्य दर हंगामात कोठे ना कोठे पाहावयास मिळते. सामना बरोबरीत असतो, तिसरे आणि शेवटचे सत्र चालू असते. तरुण बचावपटूच्या काठीवर चकती येते, समोर मोकळी वाट दिसते, तो आपली जागा सोडून मुसंडी मारतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या निळ्या रेषेपाशी चकती गमावून बसतो. मागे उरलेला त्याचा एकटा जोडीदार दोन हल्लेखोरांना अडवणार कसा? गोल होतो. पुढच्या पाळीला त्या मुलाचे नाव पुकारले जात नाही. कधी पाच मिनिटे, तर कधी उरलेला सारा सामना तो बाकावर बसून काढतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या बेजबाबदारपणाची चर्चा होते. पंधरवड्यात तो शहाणा होतो. चकती मिळाली की ती फळीवर आपटून बाहेर काढावी आणि मागे फिरावे, एवढेच तो करू लागतो. त्याच्या चुका कमी होतात. संघ मात्र हरतच राहतो.

आपल्याकडे लडाख, स्पिती यांसारख्या प्रदेशांबाहेर हा खेळ फारसा खेळला जात नाही, म्हणून दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मैदान सुमारे २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, चहूबाजूंनी फळ्यांनी आणि त्यांवरच्या काचांनी बंदिस्त. गोलरक्षकाखेरीज प्रत्येक बाजूचे पाच जण बर्फावर असतात: तीन आघाडीचे व दोन बचावाचे. पाऊण मिनिट जिवाच्या आकांताने खेळावे, मग बाकावर यावे आणि दुसऱ्या पाच जणांनी उतरावे, असा पाळ्यांचा क्रम साठ मिनिटे चालतो. चेंडूऐवजी कठीण रबराची चकती. ती या टोकाकडून त्या टोकाला जाण्यास काही क्षण पुरतात. म्हणून मागची जागा रिकामी सोडण्याचा दंड येथे तत्काळ भरावा लागतो. बचावपटूने घर राखावे, मुलूखगिरी आघाडीवाल्यांनी करावी, ही जुनी शिकवण त्यातूनच आली. ती मूर्खपणाची होती असे कोणी समजू नये.

तिला मोठा धक्का दिला तो बॉबी ऑर या कॅनेडियन मुलाने. १९६६ साली वयाच्या अठराव्या वर्षी तो बॉस्टन ब्रुइन्स संघात आला, तेव्हा त्या संघाची अवस्था केविलवाणी होती. लीगमध्ये संघ सहा, आणि सात वर्षे लागोपाठ बॉस्टनला बाद फेरीत प्रवेश मिळालेला नव्हता. हॅरी सिंडेन हे प्रशिक्षकही त्याच वर्षी नेमलेले, वयाने अवघे चौतीस. त्यांचा पहिला हंगाम संपला तेव्हा बॉस्टन सहांत सहावे होते. ऑरने ६१ सामन्यांत १३ गोल केले, २८ गोलांना हातभार लावला आणि नवोदितांचे पारितोषिक मिळवले; पण संघ तळाशीच राहिला. एखाद्या घाबरट प्रशिक्षकाने या तळाच्या क्रमांकाचे खापर त्या मुलाच्या मुसंड्यांवर फोडले असते आणि ते पटण्याजोगेही वाटले असते. सिंडेन स्वतः पूर्वी बचावपटू म्हणून खेळलेले होते. त्यांनी ऑरला बांधून ठेवले नाही. १९७० साली बॉस्टनने स्टॅन्ली चषक जिंकला आणि त्याच हंगामात १२० गुण मिळवून ऑर साऱ्या लीगमध्ये पहिला आला. बचावपटूने गुणांच्या यादीत अग्रस्थान मिळवण्याची ती पहिलीच वेळ होती.

ऑर हा लोकविलक्षण होता, त्याचे उदाहरण सामान्यांस लावू नये, हा आक्षेप रास्त आहे. पण आमचा मुद्दा ऑरच्या प्रतिभेविषयी नाही. हरणाऱ्या संघात आक्रमक बचावपटूच्या कामाचा हिशेब ज्या पद्धतीने मांडला जातो, त्या पद्धतीविषयी आहे.

या खेळात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक अधिक-उण्याचा आकडा असतो. तो बर्फावर असताना आपल्या बाजूने गोल केला तर अधिक एक, प्रतिपक्षाने केला तर उणे एक. कारकुनी हिशेबाला हे मोठे सोयीचे. परंतु खोलात जाऊन पाहावे. प्रतिपक्षाचा खेळाडू शिक्षा होऊन बाहेर बसला की आपले पाच विरुद्ध त्यांचे चार असा काही काळ खेळ होतो. त्याला तेथे पॉवर प्ले म्हणतात. (क्रिकेटमधला पॉवर प्ले वेगळा.) अशा वेळी आक्रमक बचावपटू हाच डावाचा सूत्रधार असतो. पण त्या वेळी झालेला गोल त्याच्या अधिकात धरत नाहीत. उलट अपुऱ्या संख्येच्या प्रतिपक्षाने तेव्हा गोल केला तर उणे मात्र त्याच्या माथी. दुसरे असे की, सामन्याची शेवटची दोन-तीन मिनिटे उरली आणि संघ मागे असला, तर गोलरक्षकाला बाहेर काढून सहावा हल्लेखोर उतरवतात. त्या सहांत हा बचावपटू ठरलेलाच. रिकाम्या गोलात चकती गेली की पुन्हा उणे एक. जो संघ वरचेवर हरतो त्याच्यावर हा प्रसंगही वरचेवर येतो. म्हणजे संघ जितका दुबळा, तितका त्याच्या सर्वांत धडाडीच्या बचावपटूचा आकडा लाजिरवाणा! आणि हा आकडा हाती घेऊन मग त्याच्यावर आरोपपत्र तयार होते.

एरिक कार्लसन या स्वीडिश खेळाडूचा दाखला ताजा आहे. तो काही नवशिका नव्हे; २०२२-२३ च्या हंगामात बत्तीस वर्षांचा होता. सॅन होजे संघाने त्या हंगामात ८२ पैकी केवळ २२ सामने जिंकले. अशा संघात राहून कार्लसनने १०१ गुण मिळवले. बचावपटूने शंभरी गाठण्याची गोष्ट १९९१-९२ नंतर घडलीच नव्हती. आणि त्याच्या नावापुढे अधिक-उण्याच्या रकान्यात होते उणे २६. सर्वोत्कृष्ट बचावपटूचे नॉरिस पारितोषिक त्याला मिळाले, पण बचाव न करणाऱ्याला बचावाचे पारितोषिक कसे, हा वाद झालाच. तो वाद निरर्थक होता असे आम्ही म्हणणार नाही. मात्र अनुभवी माणसाची जेथे ही कथा, तेथे विशीतल्या पोराने स्वतःविषयी काय समजावे? वर्गात ज्याचा हात सर्वांआधी वर जातो त्याच्या चुकाही सर्वांच्या कानी पडतात, हे शिक्षकांना सांगायला नको.

मग त्याला मोकाट सोडावे काय? मुळीच नाही. मोकाट सोडणे हाही प्रशिक्षकाचा आळसच होय. शिकवण्याजोगे पुष्कळ आहे, आणि ते मुसंडी मारू नकोस या तीन शब्दांपेक्षा फार कष्टाचे आहे. प्रतिस्पर्ध्याच्या प्रदेशात चकती फळीलगत बाहेर निसटू पाहते, त्या क्षणी बचावपटूने पुढे झेपावून ती अडवावी की मागे फिरावे? उत्तर त्याच्या पायांच्या वेगावर अवलंबून नसते. आपला तिसरा आघाडीवाला वर थांबला आहे की तोही गोलापाशी जाऊन बसला आहे, यावर ते अवलंबून असते. वर कोणी असेल तर जावे. नसेल तर जाऊ नये. ही नजर टाकण्याची सवय सरावाने लागते. परंतु तिसऱ्या आघाडीवाल्याने वर थांबावे हे शिकवायचे कोणी? तेही प्रशिक्षकानेच. पुष्कळदा बचावपटूच्या नावे जमा होणारी चूक ही मुळात आघाडीवाल्याची गैरहजेरी असते. तीच गोष्ट अंगावर येणाऱ्या हल्लेखोराशी राखावयाच्या अंतराची. कमी वजनाचा मुलगा गोलासमोर धटिंगणांशी झोंबत बसला तर हरणारच. त्याने निळ्या रेषेपाशीच काठी पुढे धरून प्रतिस्पर्ध्याला फळीकडे वळवावे, म्हणजे झोंबण्याची वेळच कमी येते. त्याचे पाय हेच त्याच्या बचावाचे साधन होय, आणि नेमके तेच बांधण्याची घाई केली जाते.

यात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे जोडीदार. व्हँकूव्हरचा क्विन ह्यूज पहिल्या पूर्ण हंगामात, २०१९-२० मध्ये, चमकला, तेव्हा त्याच्या शेजारी ख्रिस टॅनेव्ह हा स्थिरबुद्धीचा, अनुभवी बचावपटू होता. २०२० मध्ये टॅनेव्ह कॅल्गरीला गेला. पुढच्या ५६ सामन्यांच्या आखूड हंगामात व्हँकूव्हर आपल्या गटात तळाला गेले आणि ह्यूजच्या नावापुढे उणे २४ लागले. तो उंचीने लहान, बचावात कच्चा, असे तेव्हा बोलले गेले. तो एका वर्षात कच्चा झाला होता काय? २०२३-२४ मध्ये त्याच ह्यूजने ९२ गुण मिळवले, त्याचा आकडा अधिक ३८ झाला, संघाने गटात पहिला क्रमांक पटकावला आणि नॉरिस पारितोषिक त्याला मिळाले. मधल्या काळात त्याने स्वतः अपार मेहनत घेतली हे खरेच. पण त्याला फिलिप ह्रोनेकसारखा जोडीदारही लाभला. मधल्याच काळात त्या संघाचे दोन प्रशिक्षक बदलले गेले, हेही नोंदवून ठेवावे.

कारण खरी अडचण येथेच आहे. हरणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाची नोकरी आठवड्याच्या निकालांवर लटकत असते. त्या मुलाच्या चुकीची किंमत आज भरावी लागते. त्याच्या परिपक्वतेचे फळ तीन वर्षांनी, बहुधा उत्तराधिकाऱ्याच्या पदरी पडते. मग प्रशिक्षकाने बाकाचा आश्रय घेतला तर केवळ त्याला दोष कसा द्यावा? धीराची अपेक्षा ज्याच्याकडून करायची त्याला आधी धीर दिलेला असला पाहिजे, आणि तो मालक व व्यवस्थापक यांनी द्यावयाचा असतो.

कोलोरॅडोने तो दिला. ऑगस्ट २०१६ मध्ये, हंगाम तोंडावर आला असताना, जॅरेड बेडनार यांची तेथे प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. संघाने ८२ पैकी २२ सामने जिंकले आणि जेमतेम ४८ गुण मिळवले. त्या काळातील तो अत्यंत वाईट हंगामांपैकी एक. बेडनार यांना काढून टाकण्यास याहून सबळ पुरावा कोणता हवा होता? त्यांना ठेवण्यात आले. त्या दुर्दशेनंतर पहिली निवड तरी आपली व्हावी, तर सोडतीने तीही हुकवली आणि चौथ्या क्रमांकावर केल मकार हा आक्रमक बचावपटू पदरी पडला. त्याला लगोलग बर्फावर ढकलण्याचा मोह झाला नाही. मकार दोन वर्षे मॅसॅच्युसेट्सच्या विद्यापीठात खेळला, तेथे चुका केल्या, तेथेच त्या सुधारल्या. १३ एप्रिल २०१९ रोजी विद्यापीठाकडून तो राष्ट्रीय अंतिम सामना हरला आणि १५ एप्रिलला कोलोरॅडोच्या गणवेशात बाद फेरीच्या सामन्यात उतरून पहिल्याच दिवशी गोल करून गेला. २०२२ मध्ये कोलोरॅडोने स्टॅन्ली चषक जिंकला, तेव्हा बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडू मकार होता आणि बाकामागे उभे असलेले प्रशिक्षक होते तेच बेडनार.

प्रत्येक कथेचा शेवट चषकाने होत नाही, आणि व्हावा असा आग्रहही नको. मॉन्ट्रियल संघ २०२१-२२ मध्ये बत्तीस संघांत शेवटचा आला. त्या हंगामाच्या मध्यावर मार्टिन सेंट लुई यांना प्रशिक्षक नेमले, तेव्हा त्यांचा अनुभव मुलांच्या संघांपलीकडचा नव्हता, आणि त्याबद्दल भुवया उंचावल्या गेल्या. हे गृहस्थ खेळाडू असताना साडेपाच फुटांहून थोडे अधिक उंच, म्हणून तरुणपणी कोणत्याही संघाने निवडीत न घेतलेले. त्याच वर्षी मॉन्ट्रियलने ६२ व्या क्रमांकावर लेन हटसन हा पाच फूट नऊ इंचांचा बचावपटू निवडला. दोन वर्षे तोही विद्यापीठात राहिला. २०२४-२५ च्या पहिल्या पूर्ण हंगामात त्याने काही गोल प्रतिपक्षाला अक्षरशः बहाल केले, आणि तरीही तो एकूण एक ८२ सामने खेळला. ६० गोलांना त्याचा हातभार लागला. नवोदित बचावपटूच्या १९८०-८१ मधील लॅरी मर्फीच्या विक्रमाशी त्याने बरोबरी केली आणि नवोदितांचे पारितोषिक मिळवले. मॉन्ट्रियल त्या वर्षी बाद फेरीत पोहोचले, ते शेवटच्या उरलेल्या जागेवर, आणि पहिल्याच फेरीत वॉशिंग्टनकडून पराभूत झाले.