बोधगया आपली, मग बोधीवर बोलायचे कोणी?

महाबोधी महाविहार बौद्धांच्या ताब्यात द्या आणि १९४९ चा बोधगया मंदिर कायदा रद्द करा, या मागणीसाठी १२ फेब्रुवारी २०२५ पासून बोधगयेत भिक्खूंनी उपोषण सुरू केले. त्यानंतर विदर्भात गावोगावी मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली. या कायद्याने व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकारी अशी रचना केली आहे. इतर कोणत्याही धर्माच्या सर्वोच्च स्थळावर असा कारभार कोणी चालवून घेतला नसता. मागणी न्याय्य आहे आणि आम्ही तिच्यासोबत आहोत.

मात्र या आंदोलनाच्या निमित्ताने एका प्रश्नाला भिडण्याची वेळ आली आहे. ती जागा आपल्याला हवी आहे, कारण तिथे सिद्धार्थ गौतमाला बोधी प्राप्त झाली. पण बोधी म्हणजे काय, ध्यानात नेमके काय घडते, आजच्या माणसाला त्यातले काय आणि किती मिळू शकते, यावर आपल्या विहारांत किती बोलले जाते? आमच्या अनुभवात फारच कमी.

एकाच घरात तीन वाटा

पुलगाव हे वर्धा नदीकाठचे, मुंबई–हावडा रेल्वेमार्गावरचे, बाहेर लष्कराच्या दारूगोळा भांडारामुळे ओळखले जाणारे नगरपरिषदेचे गाव. इथल्या बौद्ध वस्त्यांत काम करताना आम्हाला एकाच घरात तीन वाटा दिसतात. वडील विहारात वंदना घेतात आणि वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या वाचनाला बसतात. मुलगा नागपूरच्या धम्म नाग केंद्रात दहा दिवसांचे विपश्यना शिबिर करून आलेला असतो. मुलगी बोरधरणच्या ह्यूएनत्संग केंद्रात त्रिरत्न संघाच्या शिबिरात आनापान आणि मैत्री भावना शिकलेली असते. वर्ध्याला गेले की गीताई मंदिराजवळच्या विश्वशांती स्तूपावर जपानी निप्पोनझान म्योहोजी परंपरा आहे. तिथे ढोलाच्या ठेक्यावर सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नावाचा जप हीच साधना.

एवढी विविधता एका जिल्ह्यात असणे हे खरे तर वैभव आहे. पण ही माणसे साधनेबद्दल एकमेकांशी बोलत नाहीत. बोललीच तर वाद होतो. विपश्यनेचा साधक म्हणतो, "वेदना पाहिल्याशिवाय सगळे वरवरचे." त्रिरत्नवाली म्हणते, "मैत्रीशिवाय नुसते श्वास मोजून माणूस कोरडा होतो." चळवळीतला कार्यकर्ता दोघांनाही म्हणतो, "डोळे मिटून बसा, तोवर आरक्षण जाईल." आणि ग्रंथवाचनाला बसणारे काका म्हणतात, "बाबासाहेबांनी हे काही सांगितलेच नाही."

बाबासाहेबांनी काय सांगितले?

काकांच्या म्हणण्यापासून सुरुवात करू. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रकाशित झाला. त्यात संबोधीचे प्रकरण आहे आणि ते मुळातून वाचण्यासारखे आहे. सिद्धार्थ चाळीस दिवस पुरेल एवढे अन्न जवळ घेऊन बसतो. चार आठवडे ध्यान करतो. विकारांशी झगडतो. शेवटी त्याच्यापुढे दोन प्रश्न स्पष्ट उभे राहतात: जगात दुःख आहे, आणि ते दूर करून माणसाला सुखी कसे करायचे. या दोन प्रश्नांचे अचूक उत्तर सापडणे, हीच बाबासाहेबांच्या मांडणीतली सम्यक संबोधी.

म्हणजे बाबासाहेबांनी ध्यान गाळलेले नाही. त्यांनी ध्यानाला प्रश्न दिला, आणि तो प्रश्न एकट्याच्या मुक्तीपुरता ठेवला नाही. त्यांच्या २२ प्रतिज्ञांमध्ये अष्टांग मार्ग पाळण्याची प्रतिज्ञा आहे आणि त्या मार्गात सम्यक स्मृती व सम्यक समाधी आहेत. त्याच वेळी ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते विचारतात की भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस की समाजाचा सेवक? ध्यान नाकारणाऱ्याला पहिली गोष्ट अडचणीची आहे, ध्यानातच थांबणाऱ्याला दुसरी.

"हे सगळे बाहेरचे" हा आक्षेपही टिकत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे महास्थवीर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशचे. १९६९ मध्ये भारतात विपश्यना आणणारे सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातच जन्मले आणि तिथेच सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले. बाबासाहेब स्वतः १९५४ मध्ये रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते. त्रिरत्नचे संस्थापक संघरक्षित इंग्रज होते. ६ डिसेंबर १९५६ ला ते नागपुरात होते आणि पोरक्या झालेल्या समाजाला त्यांनी त्या दिवसांत धीर दिला. धम्म आपल्याकडे परतला तोच अनेक देशांच्या हातांतून.

पळसाचे झाड

वेगवेगळ्या साधकांचे अनुभव जुळत नाहीत तेव्हा काय करायचे, हा प्रश्न बुद्धाच्या काळातही होता. संयुत्त निकायात किंसुकोपम सुत्त आहे. एक भिक्खू चार भिक्खूंना विचारतो की दर्शन शुद्ध कसे होते. एक म्हणतो, सहा आयतनांचा उदय आणि अस्त जाणल्याने. दुसरा पाच स्कंध सांगतो, तिसरा चार महाभूते, चौथा म्हणतो की जे उत्पन्न होते ते नष्ट होते एवढे जाणले की झाले. विचारणारा गोंधळतो आणि बुद्धाकडे जातो.

बुद्ध त्याला किंशुकाची, म्हणजे आपल्या पळसाची उपमा देतात. पळस कधीच न पाहिलेला माणूस चौघांना विचारतो. एक सांगतो, जळक्या खुंटासारखा काळा. दुसरा सांगतो, मांसाच्या तुकड्यासारखा लाल. तिसरा म्हणतो, साल लोंबणारा आणि शेंगा फुटलेला. चौथा म्हणतो, वडासारखा दाट सावलीचा. चौघांनीही पळस पाहिलेला आहे, पण प्रत्येकाने वेगळ्या वेळी.

वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. माघात निष्पर्ण, फाल्गुनात पेटलेला आणि पावसाळ्यात हिरवागार पळस आपण दर वर्षी पाहतो. शरीरावरच्या संवेदना पाहणारा आणि मैत्री भावना करणारी, दोघेही खरे सांगत असू शकतात.

मात्र यातून "सगळे सारखेच" असा सोयीचा निष्कर्ष काढू नये. पळस पाहिलेल्या चौघांची वर्णने वेगळी असू शकतात. पण न पाहताच सांगणारा पाचवाही असतो. तो ओळखायचा कसा, हा खरा प्रश्न आहे.

अनुभवाचा अधिकार कोणाला?

विनयपिटकात याची कठोर नोंद आहे. वज्जींच्या प्रदेशात दुष्काळ पडला होता. वग्गुमुदा नदीकाठच्या काही भिक्खूंनी उपासकांसमोर एकमेकांची स्तुती सुरू केली: याला ध्यान साधले, त्याला अभिज्ञा मिळाल्या. लोकांनी स्वतः उपाशी राहून त्यांना जेवू घातले. बुद्धाने त्यांचा धिक्कार केला. खोटा आध्यात्मिक दावा करणे हा चौथा पाराजिक ठरला, म्हणजे असा भिक्खू संघात राहूच शकत नाही. दावा खरा असला तरी तो उपसंपदा न झालेल्यांना सांगणे हाही दोष मानला गेला. कारण उघड आहे. "मला मिळाले आहे" असे म्हणताच सांगणारा वर जातो आणि ऐकणारा खाली.

आपल्याकडे हा दावा सहसा शब्दांत होत नाही, तो शिबिरांच्या मोजणीत होतो. "तुमची किती झाली?" या प्रश्नाने वस्तीत नवी उतरंड तयार होते. विपश्यनेच्या शिबिराला शुल्क नाही, ते दानावर चालते, ही मोठी गोष्ट आहे. पण दहा दिवसांच्या शिबिरात जाण्यायेण्यासह बारा दिवस जातात. सरकारी नोकराला त्यासाठी रजेची सोय आहे. दिवाळीनंतर कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला बारा दिवसांचा खाडा परवडत नाही, आणि घरी लहान मूल असेल तर प्रश्नच मिटला. कंत्राटी मजुराचेही तेच. मग अनुभवी कोण ठरतो? ज्याला रजा मिळते तो. समाजशास्त्राच्या भाषेत हे सांस्कृतिक भांडवल आहे. साध्या भाषेत, जात नाकारणाऱ्या समाजात शिरू पाहणारी ही नवी पायरी आहे.

दुसरा धोका गुरूंबाबतचा. संघरक्षितांच्या लैंगिक वर्तनाबद्दलचे आरोप १९९७ मध्ये ब्रिटनच्या 'गार्डियन' वृत्तपत्राने छापले, आणि त्यांच्या संघाला पुढे अनेक वर्षे या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. १९५६ चे ऋण मानायचे आणि हेही विसरायचे नाही, एवढी प्रौढता आपल्यात हवी. वीमंसक सुत्तात बुद्ध स्वतःलाही पारखून घ्यायला सांगतात: जे डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते त्यावरून. मग इतर कोणी तपासणीच्या वर कसा?

तिसरा धोका आम्हाला कामात थेट भेटतो. ३१ मे २०१६ ला दारूगोळा भांडारात लागलेल्या आगीत जवान आणि अग्निशमन कर्मचारी दगावले. त्या रात्रीची दहशत अनेकांच्या मनात अजून आहे. शेतीतले कर्ज, बंद पडलेली गिरणी, स्पर्धा परीक्षेत गेलेली वर्षे, यांनी तरुण खचतात. अशा वेळी कोणीतरी प्रेमाने सांगतो, "गोळ्या सोड, शिबिर कर." हा सल्ला घातक आहे. विपश्यना केंद्रांच्या नियमावलीतच गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांनी शिबिर करू नये असे म्हटले आहे आणि अर्जात त्याची विचारणा असते. ती माहिती लपवून अर्ज भरू नये. ध्यानात झोप उडाली, भीती वाढली, भास होऊ लागले, तर त्याला प्रगती समजू नये. आधी शिक्षकाला आणि डॉक्टरला सांगावे. साधनेतल्या अडचणी बोलायला जागा नसेल, तर तरुण त्या मनात दाबतो आणि एकटा पडतो.

विहारात बोलायला जागा हवी

शिबिरात आर्यमौन असते आणि एका पद्धतीत दुसरी मिसळू नये असे सांगितले जाते. शिकण्याच्या काळात ते योग्यच आहे. पण शिबिराचे मौन गावात आणायचे कारण नाही.

अंगुत्तर निकायात महाचुंद स्थविरांचे एक सुत्त आहे. धम्माचा अभ्यास करणारे भिक्खू ध्यान करणाऱ्यांची टिंगल करतात आणि ध्यान करणारे अभ्यासकांची. महाचुंद म्हणतात की यात कोणाचेच भले नाही. अभ्यासकाने ध्यानीचा आदर करावा आणि ध्यानीने अभ्यासकाचा, कारण दोघेही दुर्मीळ आहेत. आपल्या चळवळीतला "ध्यान की आंदोलन" हा वाद याहून फार वेगळा नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. वर्षावासात ग्रंथवाचनाला आपण बसतोच. आठवड्यातून एकदा वाचनानंतर अर्धा तास साधनेवर बोलू या. चार गोष्टी पाळाव्यात. कोणती अवस्था गाठली हे कोणी सांगू नये आणि कोणी विचारू नये. राग, भीती, व्यसन, घरातले वागणे यांत काय बदलले, काय नाही, एवढेच सांगावे. ज्यांना शिबिर परवडले नाही, विशेषतः महिलांना, त्यांना आधी बोलू द्यावे. आणि ज्याला त्रास होतो आहे त्याला उपदेश न करता उपचारापर्यंत पोचवावे.

साधनेची कसोटी घरी आणि वस्तीत लागते. दहा शिबिरे केलेला माणूस बायकोवर हात उचलत असेल, पोटजातीत सोयरीक शोधत असेल, तर त्याचा अनुभव काय कामाचा? आणि आंदोलनात पुढे असणारा कार्यकर्ता सहकाऱ्याच्या एका शब्दाने पेटून संघटना फोडत असेल, तर त्याला दहा मिनिटे श्वासाकडे पाहण्याची गरज आहे हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

महाबोधी महाविहाराचा लढा लांबणार आहे. त्यात ढोल वाजवणारे, संवेदना पाहणारे, मैत्री भावना करणारे आणि नुसती वंदना म्हणणारे सगळेच लागतील. आज ते मोर्चात शेजारी चालतात. विहारात परतल्यावर त्यांनी एकमेकांचे ऐकायलाही बसावे. सुरुवात येत्या आषाढ पौर्णिमेपासून करता येईल. पुलगावच्या तरुणांनी त्यात पुढाकार घ्यावा.

जयभीम! नमो बुद्धाय!